दूध फाडावं कशासाठी? आमिक्षा, वाजिन आणि तव्यावरचं पनीर

विषयाची पाटी वाचून काही जण बुचकळ्यात पडलेले दिसतात. तत्त्वज्ञानाचा मास्तर, आणि बोलणार कशावर, तर तव्यावर परतलेलं पनीर आणि वसंतातल्या ताज्या भाज्या. संयोजकांनी आम्हाला दोनदा फोन करून विचारलं, ‘सर, नक्की हेच ना?’ हो, नक्की हेच. तासाभरात आपण मीमांसकांकडेही जाऊन येणार आहोत, पण जाणार आहोत तव्यावरूनच.

बारामती-इंदापूरकडचा वसंत कसा असतो ते इथे बसलेल्यांना सांगायला नको. पण हे व्याख्यान नंतर वाचणारे सगळेच इथले नाहीत, म्हणून थोडं सांगतो. हा अवर्षणाचा पट्टा. पश्चिमेच्या डोंगरांनी पाऊस अडवून धरायचा आणि उरलंसुरलं आपल्याला द्यायचं, ही जुनी रीत. नीरेचा डावा कालवा आल्यावर एक भाग बागायती झाला, दुसरा जिरायतीच राहिला. पुढे 1980 मध्ये उजनी पूर्ण झालं आणि इंदापूरची भीमेकाठची गावं पाण्याच्या कडेला आली, काही पाण्याखाली गेली. फाल्गुन-चैत्रात फुगवट्याचं पाणी ओसरायला लागतं, पळसदेवच्या जुन्या देवळाचं शिखर वर दिसू लागतं, भिगवणला रोहित पक्षी चिखलात पाय रोवून उभे असतात. त्याच सुमाराला बाजारात शेवग्याच्या शेंगा, ओल्या लसणाची पात, कांद्याची पात, सरता सरता सोलाणे, आणि पहिल्या कैऱ्या येतात. शाळूची काढणी होऊन नवी ज्वारी घरात आलेली असते. आपल्याकडच्या वसंतात फुलांपेक्षा शेंगा आणि पाती जास्त. आमची त्याला काही तक्रार नाही.

आता पनीर. हा शब्द आमच्या लहानपणी आमच्या गावात कुणाला माहीत नव्हता. पदार्थ मात्र आम्ही एकदा खाल्ला होता, तो कसा ते सांगतो.

आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं, नीरेच्या बाजूचं. घरी दोन म्हशी. दूध गोळा करणारा एक माणूस सायकलला किटल्या लावून यायचा. घरातलं जवळजवळ सगळं दूध त्याच्या किटलीत जायचं आणि आम्ही भावंडं कोरा चहा प्यायचो. दुधाच्या घरात कोरा चहा, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना वेगळं समजावून सांगायची गरज नाही. त्या पैशावर आमच्या वह्या, म्हशींची पेंड, दुकानाची उधारी, सगळं चालायचं. चैत्रातली एक दुपार. सायकलवाला उशिरा आला. त्याने पळीभर दूध काढून चुलीवर तापवून बघितलं, ते फुटलं. ‘वहिनी, हे नाही घेता यायचं,’ म्हणाला आणि निघून गेला. सात-आठ शेर दूध. आमची आई त्या किटलीकडे बघत किती वेळ उभी राहिली ते आम्हाला आठवत नाही, पण उभी राहिलेली आठवते.

मग तिने चूल पेटवली. दूध सगळं तापवलं, ते फाटलं. जुन्या धोतराच्या फडक्यात गाळलं. अर्ध्या गोळ्यात गूळ घालून आटवलं, ते आमच्याकडे कधीमधी व्हायचंच. पण गूळही बेताचा होता. उरलेला गोळा तिने फडक्यातच पाट्याखाली दाबून ठेवला, संध्याकाळी त्याच्या वड्या पाडल्या, तव्यावर लालसर भाजल्या आणि कांद्याची पात, हिरवी मिरची घालून परतून भाकरीबरोबर वाढल्या. दूध नासलं की आमच्या घरात मयत झाल्यासारखी शांतता असायची. त्या दिवशी मात्र आम्ही पोरं पोटभर जेवलो. दुधाच्या घरात आम्ही दूध खाल्लं ते असं. आम्ही म्हणालो, ‘आई, परत कर की हे.’ ती म्हणाली, ‘चांगलं दूध कुणी फाडतं का रे?’

तिचा हा प्रश्न आज आपल्यापुढे आहे. चांगलं दूध फाडावं का, आणि फाडलं तर कशासाठी?

आधी दूध फाटतं म्हणजे काय होतं ते बघू. दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं. त्याचे अतिसूक्ष्म पुंजके दुधात तरंगत असतात, दूध पांढरं दिसतं त्याला एक कारण हे पुंजके. त्यांना आतून बांधून ठेवायचं काम कॅल्शियम आणि फॉस्फेट करतात, आणि बाहेरून त्यांच्यावर एक केसाळ आवरण असतं, त्यामुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत. उन्हाळ्यात किटली दोन तास जास्त राहिली की जंतू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात. थंड दुधात ते कळतही नाही. पण आम्ल वाढलेलं दूध तापवलं की तोल सुटतो आणि पुंजके एकमेकांना धरतात. सायकलवाल्याने पळीत तापवून बघितलं ते यासाठीच. आजही संकलन केंद्रांवर ही तपासणी माहीत आहे. तो माणूस खोटं बोलत नव्हता. हे आम्हाला फार उशिरा कळलं आणि त्याच्यावरचा राग पन्नास वर्षांनी सोडावा लागला.

दुधाचा घट्ट पदार्थ करायच्या मुख्य वाटा तीन. एक, विरजण लावून थंडपणे दही लावायचं. दुसरी, रेनेट नावाच्या विकराने, एन्झाइमने, ते केसाळ आवरण कापायचं, म्हणजे पुंजके चिकटतात पण आतलं कॅल्शियम बरंचसं जागेवर राहतं, हे चीज. तिसरी, दूध कडक तापवून त्यात आम्ल घालायचं; हे पनीर. आपल्या बारामतीत 1990 च्या दशकात डायनॅमिक्स डेअरी उभी राहिली, पुढे ती श्रायबर डायनॅमिक्स झाली. मॅकडोनाल्डच्या बर्गरमधली चीजची चकती तिथून जायची. ती चकती गरम पावावर वितळते. तोच गाईच्या दुधाचा माल, पण पनीरची वडी तव्यावर टाका, ती वितळत नाही, लाल होते. का? आम्लाने केसीनमधलं कॅल्शियम विरघळवून काढून टाकलेलं असतं आणि प्रथिनं थेट एकमेकांना घट्ट धरून बसलेली असतात. तापवलं की ती आणखी आवळतात. चीजमधली बांधणी उष्णतेने सैल होते, पनीरमधली होत नाही. सायप्रस बेटावर हलुमी नावाचं एक चीज करतात, तेही तव्यावर भाजून खातात. ते रेनेटचं आहे, पण त्याच्या वड्या स्वतःच्याच निवळीत शिजवून घेतात आणि त्याचं आम्ल वाढू देत नाहीत. वाट वेगळी, तव्यावरचं वागणं तेच.

निवळी हा शब्द आला. दूध फाटल्यावर जे हिरवट पिवळं पाणी उरतं ती निवळी. आपला खरा विषय ती आहे.

वैदिक यज्ञांत चातुर्मास्य नावाचे याग आहेत. पावसाळ्यातला आपला चातुर्मास तो वेगळा, घोटाळा करू नका. या यागांचं पहिलं पर्व वैश्वदेव, आणि ते करायचं फाल्गुनी किंवा चैत्री पौर्णिमेला, म्हणजे ऐन वसंतात. त्यात विधी असा: तापलेल्या दुधात दही घालायचं. दूध फाटतं. जो घट्ट भाग होतो ती आमिक्षा, ती विश्वेदेवांना. जे पाणी उरतं ते वाजिन, ते वाजी नावाच्या देवतांना. म्हणजे पाहा, आज आपण ज्याला पनीर आणि निवळी म्हणतो त्यांच्या या चुलत आज्या. दही घालून पनीर करणारी घरं आजही आहेत.

जैमिनींच्या मीमांसासूत्रांत, चौथ्या अध्यायात, यावर एक अधिकरण आहे. प्रश्न असा: तापल्या दुधात दही घातलं ते नेमकं कशासाठी? पूर्वपक्ष म्हणतो, एकाच कृतीतून दोन्ही गोष्टी एकाच वेळी निर्माण झाल्या, दोन्ही देवतांना दिल्या, तेव्हा दोन्हींचा मान सारखा. सिद्धान्त म्हणतो, नाही. ती कृती आमिक्षेसाठी. आमिक्षा ही प्रयोजक, म्हणजे जिच्यासाठी हात हलले ती. वाजिन आपोआप मागून आलेलं, आनुषंगिक. आणि याला कारण काय दिलं? चव. दूध आणि दही एकत्र आल्यावर त्यांचा जो रस, तो आमिक्षेत उतरलेला आहे. आम्ही विद्यार्थ्यांना हे शिकवायचो तेव्हा वर्गात हमखास एक जण विचारायचा, ‘सर, याने फरक काय पडतो?’ मीमांसक हा प्रश्न स्वतःच विचारतात. फरक असा: आमिक्षा सांडली, बिघडली, तर पुन्हा दूध तापवून पुन्हा दही घालावं लागेल. वाजिन सांडलं तर त्याच्यासाठी पुन्हा दूध फाडायचं नाही.

मंडळी, इतकी वर्षं हे शिकवताना आमच्या एकदाही डोक्यात आलं नाही की आपण पनीरबद्दल बोलतोय. शास्त्री लोक असेच असतात.

आणखी एक, घराजवळचं. ‘मानसोल्लास’ हा कल्याणीच्या चालुक्यांच्या तिसऱ्या सोमेश्वराचा बाराव्या शतकातला ग्रंथ. संस्कृत आहे, पण याच दख्खनच्या मातीतला. त्यातल्या अन्नाच्या प्रकरणात क्षीरप्रकार नावाचा पदार्थ आहे: दूध आंबट घालून फाडायचं, घट्ट भाग गाळून घ्यायचा, तांदळाच्या पिठात मळायचा, आकार देऊन तुपात तळायचा. तेव्हा ‘पनीर हे उत्तरेकडचं खूळ’ असं कुणी म्हणालं तर राजा सोमेश्वराचं नाव सांगा. शब्द बाहेरचा असेल, दूध फाडून तळणं आपल्याकडचं आहे. मधल्या काळात ते घरांतून गेलं, कारण आमच्या आईसारख्या बायकांना दूध फाडणं परवडणारं नव्हतं.

आता करायचं कसं. निवृत्त झाल्यावर आम्ही बारामतीला राहायला आलो आणि स्वयंपाकघराचा निम्मा ताबा आमच्याकडे आला, सौभाग्यवतींच्या देखरेखीखाली.

चार माणसांना दोन लिटर दूध घ्या. या भागात आज जे दूध मिळतं ते बहुतेक संकरित गाईंचं, साडेतीन टक्क्यांच्या आसपास फॅटचं. त्याचं पनीर मऊ होतं, तव्यावर कडा सोडतं. म्हशीच्या दुधात फॅटही जास्त, केसीन आणि कॅल्शियमही जास्त, त्यामुळे त्याची वडी ठाम बसते. आम्ही एक लिटर गाईचं, एक लिटर म्हशीचं घेतो. उकळी आणा, गॅस बंद करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. हे थांबणं लोक विसरतात. उकळत्या दुधात लिंबू पिळलं की पनीर रबरासारखं होतं. दोन लिंबांचा रस तेवढ्याच गरम पाण्यात मिसळून थोडा थोडा घाला, हलक्या हाताने ढवळा. पाणी हिरवट आणि स्वच्छ दिसलं की हात थांबवा, लिंबू उरलं तरी उरू द्या. कडक तापवल्यामुळे दुधातली एरवी पाण्यात राहणारी प्रथिनंही केसीनला चिकटून पनीरमध्ये येतात. म्हणून पनीरची निवळी चीजच्या निवळीपेक्षा पातळ आणि नितळ. तिचा तो हिरवट रंग रायबोफ्लेविनचा, ब जीवनसत्त्वांपैकी एक.

ओल्या पंचात गाळा, वर गार पाणी घाला म्हणजे लिंबाचा आंबटपणा जातो, गाठ बांधून पाट्याखाली अर्धा तास. निवळी पातेल्यात जपून ठेवा. तीनशे-साडेतीनशे ग्रॅम पनीर निघतं, निवळी दीड लिटरच्या वर. हे प्रमाण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तव्यावर टाकण्याआधी वड्या फडक्याने कोरड्या करा. ओली वडी तव्यावर पडली की आधी पाणी उडतं, आणि पाणी असेपर्यंत पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर जात नाही. खरपूस लाल रंग येतो तो प्रथिनं आणि दुधातली साखर यांच्या संयोगाने, आणि त्याला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. बिडाचा तवा असेल तर उत्तम. तेल दोन चमचे, तवा चांगला तापलेला. वडी टाकली की हात मागे घ्या. ती चिकटलीय असं वाटतं, उलथनं खुपसायचा मोह होतो. थांबा. खालून कवच धरलं की ती स्वतःच तवा सोडते. दोन बाजू पुरे, सहाही बाजू भाजत बसू नका. भाजलेल्या वड्या गरम, खारवलेल्या निवळीत दहा मिनिटं सोडा. बाहेरचा खरपूसपणा राहतो आणि आत मऊ होतात. हॉटेलात साध्या पाण्यात टाकतात. निवळीत टाकल्याने वडीची चव वडीतच राहते.

भाज्या. शेवग्याच्या शेंगा बोटभर तुकडे करून मिठाच्या पाण्यात आधी शिजवून घ्या. त्याच तव्यात जिरं, हिरवी मिरची, ओल्या लसणाचे कांदे. मग कांद्याच्या पातीचा पांढरा भाग, गाजराच्या काड्या, दोन मुठी सोलाणे. झाकण नको. सोलाणे दाताखाली किंचित कडक राहिले पाहिजेत. मग शेंगा, मग पनीर, आणि शेवटी पातीचा हिरवा भाग आणि बारीक चिरलेली कैरी, गॅस बंद केल्यावर. कैरी आधी घातली तर दोन नुकसानं: आम्लाने हिरवा रंग शेवाळी होतो आणि सोलाणे शिजायला हट्ट करतात. आमच्या घरात यावरून एकदा चांगलाच वाद झाला. आम्ही कैरी आधी घातली होती. अधिक तपशील देत नाही.

यात टोमॅटो, साय, काजूची पेस्ट, गरम मसाला काही नाही. वसंतातली भाजी वर्षातून पाच-सहा आठवडे चांगली मिळते. तिच्यावर मसाल्याची गोधडी पांघरायची असेल तर फ्रीझरमधले वाटाणे घ्यावेत, त्यांचं काही बिघडत नाही.

एका भगिनींनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘बाजारात तयार पनीर मिळत असताना हा खटाटोप का?’ रास्त आहे. आम्हीही विकत आणतो. एका समारंभात आम्हाला जे वाढलं गेलं ते तव्यावर लालही होईना आणि दाताला तेलकट लागत होतं. त्यानंतर आम्ही पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला लागलो. दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल घालून पनीरसारखा पदार्थ करतात. तो विकायला बंदी नाही, पण त्याला पनीर म्हणून विकता येत नाही, तसं स्पष्ट लिहावं लागतं. नियमाप्रमाणे पनीरच्या कोरड्या भागात निम्मं तरी दुधाचं फॅट हवं. पाकिटावर अक्षरं असतात, ताटावर नसतात, ही अडचण. आणि त्यात फसतो तो खाणारा एकटाच नाही. जिथे तेल गेलं तिथे इंदापूरच्या एखाद्या घरचं दूध गेलं नाही.

आता त्या प्रमाणाकडे येऊ. दोन लिटर दुधातून दीड लिटरच्या वर निवळी. कारखान्याच्या पातळीवर हा केवढा लोंढा होतो याचा अंदाज करा. एके काळी जगभर चीजवाले ती ओढ्यात सोडायचे. निवळीतली साखर कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते, मासे मरतात. म्हणून डुकरांना घालायचे, शेतात सोडायचे. मग तिच्यातली प्रथिनं गाळून वाळवायचं तंत्र आलं, आणि आज व्यायामशाळेतली पोरं जो महागडा डबा खांद्यावरच्या पिशवीत घेऊन फिरतात तो त्या वाजिनाचाच. किलोला किलो लावून बघा, कित्येकदा डबा चीजपेक्षा महाग. तेव्हा जैमिनींना आज कुणी विचारलं की दूध कशासाठी फाडलं, तर? आमचं मत असं की सिद्धान्त बदलायची गरज नाही. प्रयोजक काय हे बाजारभावावरून ठरत नाही, करणाऱ्याचे हात कशासाठी हलले यावरून ठरतं. पण मीमांसकांनी वाजिन फेकून दिलं नव्हतं, हेही बघा. ते आनुषंगिक होतं तरी त्याला देवता नेमून दिलेली होती. आनुषंगिक आणि टाकाऊ यांत त्यांनी जो फरक केला तो आम्ही इतकी वर्षं परीक्षेच्या उत्तरासारखा शिकवला.

घरच्या निवळीचं आम्ही काय करतो? थोडी वड्यांना लागते. बाकीची उकळून तिच्यात नव्या ज्वारीचं पीठ मळतो. भाकरीच्या पिठाला नाहीतरी आधणाचं पाणी लागतंच. भाकरी किंचित आंबूस होते आणि तिचा पापुद्रा छान सुटतो. उरलेली दुसऱ्या दिवशी आमटीत.

ही भाकरीची युक्ती आमची नाही. त्या चैत्रातल्या संध्याकाळी आईने फडक्यातून गळलेलं ते पाणी एका तपेल्यात धरून ठेवलं होतं. आम्हाला वाटलं म्हशींच्या आंबोणात ओतणार. तिने ते चुलीवर ठेवलं, काठवट ओढली आणि त्यात पीठ भिजवलं. दोन भाकरी जास्त झाल्या, त्या तिने सकाळी सायकलवाल्याला दिल्या. तो उपाशीपोटी इंदापूरहून यायचा.